डावीकडचं बटण

थळ, ११ नोव्हेंबर २०२४

भाऊकाका,

नमस्कार. चाळीस वर्षं मशीनचा आवाज ऐकून तुमच्या कानांनी राजीनामा दिलाय. फोनवर मी कारखान्याबद्दल विचारते आणि तुम्ही श्रीवर्धनच्या सुपारीवर पडलेल्या रोगाचं सांगता. म्हणून हा कागद.

तुम्ही आणि बाबांनी आणलेलं मिलिंग मशीन अजून ठणठणीत आहे. त्याचा कंट्रोल तेवढा गेला होता. पनवेलच्या निकेतने नवा कॉम्प्युटर बसवून दिला, खाऱ्या हवेने खाल्लेलं बटणांचं पॅनलही नवं केलं आणि दसऱ्याला हार घालून आम्ही मशीन सुरू केलं. आता बटणाची तार एका कार्डाला जाते आणि कोणत्या तारेने काय करायचं हे कॉम्प्युटरमधल्या फाईलीत लिहायचं. ते मी स्वतः शिकले. डावीकडचं हिरवं म्हणजे चालू, उजवीकडचं पिवळं म्हणजे थांब. वर मोठं लाल आहे, पण ते सगळी वीजच तोडतं आणि मग मशीनवर चढवलेला जॉब पहिल्यापासून लावावा लागतो, म्हणून त्याला सहसा कुणी हात लावत नाही. कंट्रोलबरोबर आलेल्या पुस्तकात असंच आहे.

आता ऐका. तीन वेळा ही फाईल कुणीतरी बदलली आहे. सकाळी मी हिरवं दाबते तर मशीन ढिम्म, आणि पिवळं दाबलं की सुरू. पहिल्यांदा वाटलं माझंच चुकलं. दुसऱ्यांदा निकेतला दोन शिव्या घातल्या. तिसऱ्यांदा मात्र फाईल बदलल्याची वेळ बघितली. सकाळी साडेआठ. मी नवाला येते.

कारखान्यात आम्ही तिघंच. लेथवरचा चंदर मोबाईलसुद्धा दुसऱ्याकडून लावून घेतो. चावी दोघांकडे, माझ्याकडे आणि गणराजदादाकडे. तुमच्या हाताखाली बावीस वर्षं याच मशीनवर उभा राहिलेला माणूस. 'मला काय कळतंय ताई त्या कॉम्प्युटरातलं' असं तो रोज म्हणतो. मला हे रोज म्हणणंच आता खुपायला लागलंय.

जुन्या पॅनलवर बटणं कशी होती? तुमच्याइतकं कुणाला माहीत असणार?

तुमची आशू

&nbsp;

श्रीवर्धन, १७ नोव्हेंबर २०२४

चि. आशूस आशीर्वाद.

पत्र पोचलं. तू मशीन पुन्हा उभं केलंस, तुझा बाप, माझा दादा, असता तर पेढे वाटले असते. मुलीने कारखाना चालवायचा म्हटल्यावर ज्यांनी नाकं मुरडली त्यांना परस्पर उत्तर मिळालं.

बटणांचं सांगतो. थांब डावीकडे ठेव. आपल्याकडे पहिल्यापासून तसंच होतं. चालत्या कामावर उजव्या हातात चुरा झाडायचा ब्रश असतो, डावा हात मोकळा, तो थांबच्या बटणावर. ही आपल्या कारखान्याची रीत आहे. पुस्तकं लिहिणारे मशीनसमोर उभे राहत नाहीत. दोन बटणांच्या जागा बदलायला तुला अर्धा तास लागेल, तेवढं कर आणि विषय संपव.

आणि साडेआठ, नऊ, चावी, हे काय चाललंय? कारखाना आहे, पोलीस चौकी नाही. ज्याने तुला खांद्यावर बसवून अष्टमीची जत्रा दाखवली त्याच्यावर पाळत ठेवतेस? मनातून काढून टाक.

तुझी नीराकाकू आठवण काढते. तिच्या हातचे पोह्याचे पापड आमचा शेजारी येसाजी तिकडे येईल तेव्हा पाठवतो.

भाऊकाका

&nbsp;

थळ, २५ नोव्हेंबर २०२४

भाऊकाका,

नमस्कार. ब्रशचं कारण मला पटलं नाही. लेथवरही ब्रश उजव्याच हातात असतो, आणि तिथे थांब उजवीकडेच आहे. तोही तुम्हीच बसवलेला. मग ही रीत एकाच मशीनपुरती कशी? निकेतला विचारलं तर तो हसला. म्हणाला, उद्या बाहेरचा कारागीर आला आणि त्याने मशीन थांबवायला सवयीने उजवीकडचं दाबलं तर? त्याचं म्हणणं मला पटलं. मी बटणं पुस्तकाप्रमाणेच ठेवली आणि फाईलीला पासवर्ड घातला.

गुरुवारी सकाळी येऊन बघते तर फाईल शाबूत, पण पॅनलच्या मागचे स्क्रू सोडवून दोन्ही बटणं तारांसकट उचलून जागा बदललेल्या. पिवळं डावीकडे, हिरवं उजवीकडे. काम इतकं सफाईदार की नवखा माणूस म्हणेल मुळात असंच होतं.

मी बटणं परत जागेवर लावली. जॉब कुठे घासतो ते बघायला आपण जी निळी लावतो ती स्क्रूंच्या खाचांत भरली. ती साबणाला दाद देत नाही हे तुम्हीच मला शिकवलंत. शनिवारी गणराज चहा घ्यायला आला तेव्हा रेवसच्या धक्क्यावर लाँचच्या दोरात गेलेली दोन बोटं सोडून त्याची बाकी सगळी बोटं निळी होती. मी हातांकडे बघितलं, त्यानेही बघितलं, आणि कप उचलून निघून गेला.

म्हणजे कॉम्प्युटर न कळणारा माणूस फाईल बदलतो, पासवर्ड पडला की पॅनल उघडतो आणि पकडला गेल्यावर एक शब्द बोलत नाही. हे कुणासाठी चाललंय? पोयनाडच्या बाजूला एक नवा कारखाना निघालाय. त्यांना बोटींची कामं हवीत आणि जुने हातही हवेत. आपलं मशीन बेभरवशाचं आहे अशी बोंब झाली तर कुणाचं फावेल? मी सरळ विचारते, तुमच्या कानावर काही आलं आहे का?

आशू

&nbsp;

श्रीवर्धन, १ डिसेंबर २०२४

चि. आश्लेषा,

तुझं पत्र दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा डोकं फिरलं. माणसाच्या हाताला निळी लावून त्याला चोर ठरवायला कोणत्या पुस्तकात शिकलीस? आणि पहिल्या पत्रातला गणराजदादा या पत्रात नुसता गणराज झाला, हेही माझ्या नजरेतून सुटलेलं नाही.

आता मलाही विचारायचं आहे. येसाजी सांगत होता, मुंबईची दोन माणसं गाडी घेऊन कारखान्याची जागा बघून गेली. समुद्राकडची बाजू मोबाईलमध्ये टिपून नेली म्हणे. तसं असेल तर मला सगळं उलगडतं. जुना माणूस नकोसा झाला की त्याच्यावर आळ घ्यायचा, तो गेला की मशीन चालत नाही म्हणायचं, आणि मशीन चालत नाही म्हणून जागा मोडीत काढायची. खरं असेल तर तोंडावर सांग. ताकाला जाऊन भांडं लपवू नकोस.

आणि खोटं असेल तर माझं एवढं ऐक. गणराजला काही बोलू नकोस. थांब डावीकडे घे. मी सांगतो म्हणून घे, कारण विचारू नकोस.

भाऊकाका

&nbsp;

थळ, ८ डिसेंबर २०२४

काका,

मुंबईची माणसं शेजारच्या वाडीत बंगला बांधणार आहेत आणि आपल्या कारखान्याचा आवाज किती येतो ते ऐकायला आली होती. येसाजीला म्हणावं, अर्धवट बघून पूर्ण सांगत जाऊ नकोस.

तुमचं पत्र पोचायच्या आदल्या दिवशी जे झालं ते असं. एका बोटीच्या पाण्याच्या पंपाचं गनमेटलचं झाकण लावलं होतं. बोट किनाऱ्यावर खोळंबलेली, म्हणून मी शेजारीच उभी होते. गणराजने मशीन थांबवून जॉब जरा ढिला केला, पुन्हा बसवायला. तेवढ्यात हाताला तेल लागलं म्हणून तो वळला, जॉब घसरू लागला, मशीन तर थांबलेलंच होतं, आणि त्याने धावत जाऊन डाव्या हाताने हिरवं दाबलं. माझ्या डोळ्यांदेखत. कटर सरळ जॉब पकडणाऱ्या वाइसमध्ये घुसला, तुटून त्याचा तुकडा पत्र्यावर आपटला. माझ्या डोक्यापासून हातभर लांब. झाकणाला खाच पडली, बोटवाल्यांनी ते उचललं आणि पोयनाडला नेलं.

मी विचारलं, चालू का दाबलंस? तो पांढराफटक पडला होता. म्हणाला, 'मी थांब दाबलं, ताई.' मी म्हटलं, थांबलेलं मशीन कुणी थांबवतं का? मग मी सगळंच काढलं, फाईल, स्क्रू, निळी. म्हटलं, तू हे का करतोस ते एकदा सांग, मी विसरून जाईन. तो पॅनलकडे बघत राहिला आणि म्हणाला, 'तुमाला वाटंल तसं समजा.' मी त्याला कामावरून काढलं. डबा उचलला, चावी टेबलावर ठेवली आणि गेला. चंदर दिवसभर माझ्याशी बोलला नाही.

आता तुमच्याबद्दल. पापडांबरोबर नीराकाकूंनी चिठ्ठी ठेवली होती. तीत सहज लिहिलंय, 'भाऊबीजेला गणराज येऊन गेला, त्याच्याबरोबर तुझ्यासाठीच पाठवणार होते, पण तो घाईने निघाला.' काका, मी बटणांचं पहिलं पत्र लिहिलं त्याच्या आठ दिवस आधी तो तुमच्या घरी बसून चहा पिऊन गेला, आणि तुम्ही दोन पत्रांत त्या भेटीचा उल्लेखही केला नाहीत. पोयनाडच्या कारखान्यात तुम्ही आहात का? मला बाबांच्या जागी तुम्हीच आहात. तरी विचारते. झोप येत नाही म्हणून विचारते.

आश्लेषा

&nbsp;

श्रीवर्धन, १४ डिसेंबर २०२४

आशू,

पोयनाडचा कारखाना मी बघितलेलासुद्धा नाही. माझ्या वागण्यावरून तुला तसं वाटलं, यात तुझा दोष नाही.

तो खोटं बोलला नाही. घाबरल्यावर माणूस विचार करत नाही, हातच काय ते करतो, आणि त्याचा हात बावीस वर्षं डावीकडे थांब शोधतो. आता तसं का, ते लिहितो. हे लिहायला तीन दिवस लागले.

२००२ सालचा फेब्रुवारी. तेव्हा चालू डावीकडे आणि थांब उजवीकडे होतं, तुझ्या पुस्तकातल्यासारखंच. दादा पेणला गेला होता. कारखान्यात मी आणि गणराज दोघंच. तो तेव्हा तेवीस वर्षांचा. मशीन थांबवून तो हाताने चुरा काढत होता, कारण ब्रश नव्हता. मी कधी आणून दिला नव्हता. मी मागून आलो, मशीन उभं दिसलं, वाटलं हा रेंगाळतोय. त्याच्या खांद्यावरून हात घातला आणि हिरवं दाबलं. बघितलं नाही.

त्याची बोटं लाँचच्या दोरात गेली नाहीत, आशू. ती माझ्या हाताने गेली.

अलिबागला डॉक्टरांनी विचारलं तेव्हा माझ्या तोंडून लाँचचा दोर निघालं. आदल्या दिवशी आम्ही एक मोटर उतरवून घ्यायला रेवसला गेलो होतो, तेच डोक्यात होतं. गणराज शुद्धीवर होता. तो व्हय म्हणाला. एकदा बोललेलं मग मागे घेता आलं नाही. दादाने मला पुन्हा मशीनजवळ उभं केलं नसतं, आणि मला दुसरं काही येत नव्हतं. नंतर तू मोठी झालीस, काका काका करत मागे यायला लागलीस, तेव्हा तर मुळीच सांगवेना.

तो कामावर परत आला. उजव्या हाताच्या उरलेल्या बोटांनी उजवीकडचं बटण त्याला चटकन दाबता येईना. एका रविवारी मी एकटा बसलो आणि दोन्ही बटणांच्या जागा बदलल्या. सगळ्यांना ब्रशची गोष्ट सांगितली. ब्रशही तेव्हाच आणला. हिरवं कुणी दाबलं हे त्याला नक्की कळलं होतं का, ते मी त्याला कधी विचारलं नाही.

भाऊबीजेला तो आला तो हेच सांगायला. 'ताई बटणं पुस्तकाप्रमाणं लावतायत, तुमी त्यांना सांगा.' मी म्हटलं, लिहितो. आणि तुला ब्रश लिहिला.

तुझा कटर मी तोडला आणि तुझा माणूसही मीच घालवला. त्याला परत आण. हे पत्र त्याला वाचून दाखव. माझ्याने ते होणार नाही.

भाऊकाका

&nbsp;

थळ, २२ डिसेंबर २०२४

भाऊकाका,

काल गणराजदादाच्या गावी जाऊन आले. वालाच्या शेतात होता. मला बघून घरात नेलं नाही, बायजावहिनी आत होत्या, म्हणून बांधावरच बसलो. मी पत्र वाचलं. तो शेंगांकडे बघत ऐकत होता.

तुमचा मला भयंकर राग आलाय आणि तो लवकर जाणार नाही. माझी तर मला लाजच वाटते. दोन महिने मी त्याच्या हातांकडे बघत होते आणि निळ्या बोटांपलीकडे मला काही दिसलं नाही. मी त्याची माफी मागितली. तो म्हणाला, 'तुमाला म्हाईत नव्हतं, ताई.' मी सांगितलं की थांब डावीकडे घेतलंय, पॅनलवर मोठ्या अक्षरांत लिहिलंय, सोमवारपासून ये. त्यावर तो म्हणाला, 'आधी भाऊंना उत्तर देतो.' माझ्याच वहीतला कागद घेऊन बाभळीखाली बसून लिहिलं आणि भाताच्या शिताने पाकीट चिकटवून दिलं.

ते सोबत पाठवते आहे. मी उघडलेलं नाही. दसऱ्यापासून ही एकच बंद गोष्ट मी तशीच राहू दिली आहे.

आश्लेषा

&nbsp;

(सोबतचं पाकीट)

भाऊंना गणराजचा नमस्कार.

ताईंनी पत्र वाचून दाखवलं. मधी दोनदा थांबल्या. मी म्हटलं, वाचा.

मला कळलं होतं का ते तुमी कधी विचारलं न्हाय. मला तवाच कळलं होतं. मशीन आपसूक चालू होत न्हाय आणि तिथं आपण दोघंच होतो. दवाखान्यात तुमी लाँचचा दोर म्हणालात, मी तुमच्या तोंडाकडं बघितलं आणि व्हय म्हटलं. वाटलं, घाबरलेत, चार दिवसांनी सांगतील.

चार दिवस गेले, दोन महिने गेले. मग एका सोमवारी आलो तर बटणांच्या जागा बदललेल्या. तुमी मान वर केली न्हाय, ब्रश हातात दिलात आणि बाहेर गेलात. मी समजायचं ते समजलो. म्हटलं, भाऊंना तोंडानं जमत न्हाय, हातानं सांगितलं. तेवढ्यावर बावीस वरसं काढली. राग धरला न्हाय.

ताईंनी नवं पॅनल लावलं आणि ते गेलं. त्यांचा दोष न्हाय. पण रोज समोर उभं राहिलं की वाटायचं, एकदा जे सांगितलं होतं तेबी कुणी परत घेतलं. म्हणून बदलत होतो, ताई फाईलीत कसं लिवतात ते मागं उभं राहून बघितलं होतं. ताईंनी कारण विचारलं तवा गप बसलो, कारण सांगितलं असतं तर तुमचं नाव आलं असतं. त्या तुमाला बापाच्या जागी मानतात.

भाऊबीजेला मी बटणासाठी आलो न्हवतो. बटण काय, मीबी बदलतो. म्हटलं, एवढ्या निमित्तानं तरी भाऊ एकदा बोलतील. तुमी चहा पाजलात आणि लिहितो म्हणालात.

कामावर जाईन. ताई एकट्या पडल्यात आणि मशीनला माझा हात म्हाईत हाय.

आता एक राहिलं. घरात बायजाला अजून लाँचचा दोरच म्हाईत हाय. तिचं माहेर मुंबईला, माझगावात. रेवसला लाँचीत बसलं की तासाभरात भाऊचा धक्का. पण माझा हात त्या दोरानं खाल्ला म्हणून बावीस वरसं ती लाँचीत पाय ठेवत न्हाय, एसटीनं पनवेलवरून फिरून जाते. तिची आई गेली तवाबी तशीच गेली. पोचली तवा मयत उचललेलं होतं. त्या दिवशी सकाळी एसटी स्टँडवर मी तिच्यासंगं उभा होतो. खरं सांगायला पायजे होतं. मी गप राहिलो. ते तुमच्यावर घालत न्हाय, ते माझं.

पण दोराचं तिला तुमी सांगायचं. ताईंना लिवलंत तसं लिवू नका, तिला वाचता येत न्हाय. मला वाचून दाखवायला लावू नका. तुमी या. मी रविवारी घरी असतो.

गणराज